‘माँगूस’ मराठीतून गेला, ‘फादर’ संस्कृतातून नाही

इंग्रजी शब्दाचं मूळ सांगताना एक गोंधळ हटकून होतो. शब्द संस्कृतसारखा वाटला, की लगेच तो ‘संस्कृतातून आला’. उसना शब्द वेगळा आणि सगोत्र शब्द वेगळा, हे कुणी बघतच नाही.

उसने शब्द सगळ्यांना ठाऊक आहेत. आपण टेबल घेतलं, इंग्रजीनं लूट, जंगल, गुरू घेतले. आपल्या मुंगसाचा तिकडे माँगूस झाला.

घोळ होतो तो सगोत्र शब्दांत. ‘पितृ’ आणि ‘फादर’ सारखे आहेत, कारण दोघांचा पूर्वज एक. कुणी कुणाकडून काही घेतलेलं नाही. भाषाभ्यासक विल्यम जोन्सनं 1786 मध्ये कलकत्त्यात म्हटलं होतं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आता उरलेलं नाही. लोक त्यानं केलेली संस्कृतची स्तुती तेवढी उचलतात आणि हा भाग गाळतात. याची मला खरोखर चीड येते.

ओळखायचं कसं? ध्वनी पाहा. पितृ–फादर, पाद–फूट: ‘प’च्या जागी ‘फ’. द्वि–टू, दश–टेन: ‘द’च्या जागी ‘ट’. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमनं 1822 मध्ये हे बदल नियमात मांडले. इंग्रजी वेगळी भाषा होण्याच्या कितीतरी आधी ते होऊन गेले होते, त्यामुळे नंतर उसन्या आलेल्या शब्दांना ते लागत नाहीत. ‘पंडित’चा ‘प’ इंग्रजीतही ‘प’च राहिला. माझं आवडतं उदाहरण ‘पजामा’. त्यातला फारसी ‘पाय’ आपल्या पायाचा आणि इंग्रजी ‘फूट’चाही सगोत्र. म्हणजे एकच मूळ इंग्रजीत वारशानं ‘फ’ घेऊन आलं आणि पुढे उसनवारीनं ‘प’ घेऊन.

‘नेव्हिगेशन’ म्हणे ‘नवगती’वरून आला! हे उसनंही नाही, सगोत्रही नाही, निव्वळ जुळवाजुळव आहे. लॅटिन ‘नाविस’ म्हणजे जहाज, ‘आगेरे’ म्हणजे हाकणं, त्यांतून ‘नाविगारे’. यातला ‘नाविस’ आपल्या ‘नौ’चा सगोत्र आहे. इतकं देखणं नातं समोर असताना खोटं जोडायची गरजच काय?

चांगल्या इंग्रजी कोशात व्युत्पत्तीची ओळ वाचताना ‘फ्रॉम’ कुठे संपतं आणि ‘अकिन टू’ किंवा ‘रिलेटेड टू’ कुठे सुरू होतं, ते नीट पाहा. पहिल्या भागात शब्द आला ती वाट असते, दुसऱ्यात त्याची भावंडं. ‘फादर’च्या नोंदीत ‘पितृ’ दिलाच असेल, तर तो दुसऱ्या भागात सापडेल.