इनहेलर हातात आहे, पण औषध फुफ्फुसात पोहोचते का?

दम्याच्या बहुतेक रुग्णांना विशेषज्ञाकडे जाण्याची गरज नसते. त्यांचे निदान, औषधोपचार आणि पुढची देखरेख फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातच होऊ शकते. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या एका वर्षात साडेचार लाखांहून अधिक रुग्ण दगावले. श्वासावाटे घ्यायची स्टेरॉइडे १९७० च्या दशकापासून वापरात असताना हे घडते, तेव्हा उणीव केवळ औषधांची नसून ती वापरण्याच्या पद्धतीचीही आहे, असे मानावे लागते.

दम्यात श्वासनलिकांच्या अस्तराला दीर्घकाळ सूज असते, त्यामुळे धूळ, धूर, परागकण किंवा साध्या सर्दीनेही नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि धाप लागते. साल्ब्युटामॉलचा पंप हे स्नायू काही मिनिटांत सैल करतो, पण सूज तशीच राहते. ती कमी करणाऱ्या स्टेरॉइडचा पूर्ण परिणाम दिसायला मात्र काही आठवडे लागू शकतात, म्हणून रुग्णाचा विश्वास साहजिकच पहिल्या पंपावर बसतो. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंचा आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांच्या अशा पंपांची नोंद उपलब्ध होती, त्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना आधीच्या वर्षभरात बारापेक्षा जास्त पंप लिहून दिलेले होते. धोक्याची ही खूण दवाखान्यांच्या स्वतःच्याच नोंदींमध्ये होती. ती मोजून पाहिली गेली नाही, एवढेच. दम्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘जिना’ या जागतिक उपक्रमाने २०१९ पासून बारा वर्षांवरील कोणालाही केवळ साल्ब्युटामॉलवर ठेवू नये, प्रत्येकाच्या उपचारात श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड असावेच, अशी शिफारस केली आहे.

निदानाच्या बाबतीतही घाई होते. स्पायरोमेट्रीत, म्हणजे नळीत जोरात फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजणाऱ्या चाचणीत, पंप दिल्यानंतर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांनी आणि २०० मिलिलिटरने वाढली, तर दम्याला पुष्टी मिळते. परंतु आजार चढउताराचा असल्याने बरे वाटत असताना केलेली चाचणी निर्दोष येऊ शकते. अशा वेळी दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ पीक फ्लो मीटरवर (श्वास किती वेगाने बाहेर पडतो ते मोजणाऱ्या छोट्या उपकरणावर) घेतलेल्या नोंदी उपयोगी पडतात.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पंप घेण्याची पद्धत. बहुसंख्य रुग्ण तो चुकीचा घेतात, आणि तरीही आपली पद्धत बरोबर आहे असे त्यांना मनापासून वाटते. त्यामुळे ‘पंप नीट घेता ना?’ या प्रश्नाला ‘हो’ याखेरीज उत्तर मिळत नाही. रुग्णाला समोर घेऊन दाखवायला सांगितले, तरच चूक दिसते. फवाऱ्याचा पंप आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग हळू आणि खोल श्वास घेत असतानाच तो दाबायचा आणि पाच-दहा सेकंद श्वास रोखायचा. दाबण्याची वेळ साधली नाही, तर औषध घशातच अडकते, आणि तिथे पंपाला जोडायची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, कामी येतो. पावडरच्या इनहेलरला मात्र नेमका उलटा, जोरदार आणि झटकन घेतलेला श्वास लागतो. एकाच रुग्णाला दोन्ही प्रकार लिहून दिले, की गोंधळ ठरलेलाच! शिवाय शिकवलेली पद्धत काही आठवड्यांत पुन्हा बिघडते, म्हणून ती दर भेटीत तपासावी लागते. हे न पाहता औषधाची मात्रा वाढवणे मला तरी अयोग्य वाटते.

डॉक्टरांना एवढा वेळ कुठून मिळणार, ही अडचण खरी आहे. पण हे काम डॉक्टरांनीच करायला हवे असे नाही. फिनलंडने १९९४ ते २००४ या काळात राबवलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सूज कमी करणारे उपचार लवकर सुरू करण्यावर भर दिला, प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर व परिचारिकांवर दम्याची जबाबदारी सोपवली आणि औषध विक्रेत्यांनाही त्यात सामील करून घेतले. त्या दहा वर्षांत दम्यामुळे रुग्णालयात काढाव्या लागणाऱ्या दिवसांची संख्या निम्म्याच्या आसपास घटली.