वय अधिक शंभर: ज्येष्ठांच्या आरोग्य-व्याख्यानांमागचा इतिहास

ज्येष्ठ नागरिक संघात डॉक्टरांचं व्याख्यान संपलं की चिठ्ठ्या पुढे येतात. वहीच्या कागदाची चौघडी, आत वळणदार अक्षर: ‘वय ७४. वरचा रक्तदाब १६८. वय अधिक शंभर, म्हणजे ठीक ना?’ या प्रश्नाला अज्ञान म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं ठरेल. हा हिशेब एके काळी डॉक्टरच सांगत. सभागृहातला बराचसा गोंधळ असाच, त्या त्या काळी बरोबर मानलेल्या सल्ल्यातून येतो. म्हणून कोणता सल्ला कधी बदलला, हे श्रोत्यांना सांगायलाच हवं.

व्याख्यान ऐकायला बसण्याची सवय पुण्याला जुनी. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ मध्ये. पेन्शनरांचं गाव हीही पुण्याची जुनी ओळख. स्वातंत्र्याच्या सुमारास देशातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं; २०१६-२० च्या नमुना नोंदणीत ते ७० झालं. ३२ याचा अर्थ माणसं तिशीतच म्हातारी होत, असा नव्हे. तान्ही मुलं फार दगावत, म्हणून सरासरी खाली येई. महर्षी कर्वे १८५८ चे, आणि १०४ वर्षं जगले. आता साठी ओलांडणं सर्वसामान्य झालं, आणि त्यासोबत वीस-पंचवीस वर्षं सांभाळायचे आजारही आले.

रक्तदाबाचंच घ्या. वयाबरोबर रक्तवाहिन्या ताठर होतात, वरचा आकडा चढतो. तो चढणं शरीराची गरजच आहे, उतरवला तर मेंदूला रक्त कमी पडेल, असा समज होता. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. साठीपुढची ४,७३६ माणसं, वरचा दाब १६० किंवा जास्त, खालचा ९० च्या आत. साध्या, स्वस्त, लघवी वाढवणाऱ्या गोळीपासून उपचार सुरू केले, तर पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी झाले. २००८ मध्ये ऐंशीपुढच्यांवरच्या चाचणीतही उपचारांनी मृत्यू घटल्याचं दिसलं. ‘वय अधिक शंभर’ तिथे संपलं.

पण जुन्या भीतीत एक खरा अंश होता. उभं राहताना दाब घसरतो, आणि माणूस रात्री न्हाणीघराच्या वाटेवर पडतो. म्हणून पाच मिनिटं आडवं पडून दाब मोजावा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि पुन्हा तिसऱ्या मिनिटाला. वरचा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर ते डॉक्टरांना सांगावं. गोळी मनाने बंद करू नये. रोजची मोजणी बसून: चहा आणि चालणं यांनंतर अर्धा तास जाऊ द्यावा, लघवीला जाऊन यावं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. पट्टा दंडाला अपुरा असेल तर आकडा उगाच वर दिसतो. शर्टाच्या बाहीवरून मोजणं हीही चूकच.

मधुमेहाची गोष्ट अशीच. कित्येक घरांत एके काळी बेनेडिक्टचं निळं द्रावण असे. परीक्षानळीत ५ मिली द्रावण, ८ थेंब लघवी, उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं-पिवळं म्हणजे थोडी, विटकरी म्हणजे भरपूर. ‘लघवी साफ आहे, मग औषध कशाला?’ हा प्रश्न तिथूनच येतो. रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही, आणि उतारवयात ही मर्यादा आणखी वर सरकू शकते. निळ्या रंगाने अनेकांना वर्षानुवर्षं खोटा दिलासा दिला.

१९९८ मध्ये ब्रिटनमधल्या दीर्घ अभ्यासाने दाखवलं, की साखर आटोक्यात ठेवली तर डोळे आणि मूत्रपिंडं वाचतात. मग ‘जितकी कमी तितकी बरी’ असं सुरू झालं. २००८ मध्ये तेही अंगाशी आलं: तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा (एचबीए१सी) ६ टक्क्यांच्या खाली नेण्याचा आटापिटा केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. म्हणून आज धडधाकट ज्येष्ठाला ७ ते ७.५, अनेक आजार असलेल्याला ८ च्या आत, असं वेगवेगळं सांगतात.

साखर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी, मग काही खायला द्यावं. पेढा नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर साधी साखरही लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजची पावडरच हवी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावं.

‘मी तर सडपातळ, मला मधुमेह कसा?’ याचं उत्तर शोधण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. वजनाला कमी, तरी चरबी राखून असलेली बाळं त्यातून जगापुढे आली. २००४ मध्ये त्यांनी आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याने स्वतःचीच तुलना छापली: उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, चरबी मात्र ब्रिटिश डॉक्टरांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. वजनकाट्यावर विसंबू नका, पोटाचा घेर मोजा, हा सल्ला या एका जोडीतून चटकन पटतो.

सर्वांत उशिरा व्याख्यानांत आली ती ताकद. ‘आता आराम करा’ हाच सल्ला पूर्वी असे. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धालयात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजनी व्यायाम दिला. जे टिकले त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. एवढ्या वयातही स्नायू दाद देतो, हे तेव्हा कळलं. चालण्याने दम टिकतो, पण मांड्यांची ताकद त्याने फारशी वाढत नाही, हे रोज तळजाईच्या टेकडीवर फेरी मारणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं.

घरी पाहायचं तर बिनहाताची पक्की खुर्ची भिंतीला टेकवावी, प्लास्टिकची नको. हात छातीवर घडी करून पाच वेळा उठावं-बसावं, सोबत कोणीतरी उभं असावं. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर मांड्या दुबळ्या झाल्या आहेत. तीच कृती मग व्यायाम म्हणून: आठ-दहा वेळा, दोन फेऱ्या, दिवसाआड. उठताना श्वास सोडावा. रोखला तर दाब चढतो. बसताना धपकन अंग टाकू नये, तीन आकडे मोजत खाली यावं, कारण स्नायूला त्या उतरण्यातही काम पडतं.