पुढची चाकं जास्त चालतात

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी उतरून आलेल्या मावसभावाची तक्रार होती : नव्या फोर-बाय-फोर पिकअपचं स्टिअरिंग जड लागतंय, वळणावर गाडी कुणी मागून धरल्यासारखी अडखळतेय, बेअरिंग गेलं असणार. बेअरिंग ठणठणीत होतं. "पावसाळा आहे, असू दे" म्हणून त्याने घरून निघतानाच नॉब ४एचवर, म्हणजे चारही चाकांना बळ देणाऱ्या खुणेवर, फिरवला होता.

वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं आणि तो फरक डिफरन्शियल सांभाळतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पुढची चाकंही मागच्यांपेक्षा जास्त चालतात, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. चिखलात वळलेल्या गाडीचे माग बघा. दोन नाही, चार रेघा दिसतील, मागची चाकं पुढच्यांच्या आतून गेलेली.

हिशेब पायथागोरसचा आहे. अशा पिकअपच्या पुढच्या-मागच्या आसांत सुमारे ३.१ मीटर अंतर असतं. घाटातल्या अरुंद वळणात मागच्या आसाचा मध्य ६ मीटर त्रिज्येवर फिरला, तर पुढच्याचा पावणेसात मीटरवर फिरतो. गाडी काटकोनात वळेपर्यंत मागचा ९.४ मीटर जातो, पुढचा १०.६. फरक १.२ मीटरचा, म्हणजे चाकाचा जवळजवळ अर्धा फेरा. आसाकडे बळ नेणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, चाकाच्या साधारण चौपट फिरतो, त्यामुळे तिथे हाच फरक दोन फेऱ्यांचा होतो!

२एचमध्ये इंजिनचं बळ फक्त मागे जातं. पुढची चाकं आपापल्या गतीने फिरतात. ४एचमध्ये ट्रान्सफर केस, म्हणजे पुढे-मागे बळ वाटणारी गिअरची पेटी, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडते, दोघांनी सारखेच फेरे घ्यायचे. मग ते दोन फेरे जातात कुठे? चिखलात, वाळूत टायर जरासा घसरतो आणि हिशेब मिटतो. डांबरावर टायर पकड सोडत नाही. आधी गिअरच्या दात्यांमधली ढिलाई संपते, मग शाफ्ट पिळले जातात, पीळ वाढत जातो आणि शेवटी टायर खरडत सुटतो किंवा आतलं काहीतरी तुटतं. पावसाने धुतलेलं डांबरही तुम्हाला वाटतं तेवढं निसरडं नसतं, एकामागून एक वळणं घेताना तिथेही पीळ साठतो. काही गाड्यांत दोन शाफ्टच्या मधे तिसरं डिफरन्शियल असतं, त्यांना हा त्रास नाही. आपली कुठली, ते मॅन्युअलमध्ये बघायचं.

४एलमध्ये जखडणं तेच, वर वेग साधारण अडीचपट कमी आणि चाकावरचं बळ तितकंच जास्त. तो गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये घालायचा. लाल मातीचा उभा उतार पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला फारसा पाय न लावता उतरायला यासारखं काही नाही. रिकाम्या पिकअपला तर विशेष, कारण मागे वजन नसतं, आणि २एचमध्ये इंजिनचा सगळा अटकाव त्या हलक्या मागच्या चाकांवरच येऊन गाडीचं बूड घसरू शकतं.

जाहिरातीत गाडी नदी उडवत जाते, लोक टू-व्हील ड्राइव्हच्या फाळक्यावरही '४×४'चं स्टिकर लावतात. ब्रेक मात्र स्टिकर नसलेल्या गाडीलाही चारही चाकांना असतात. फोर-व्हील ड्राइव्हने गाडी निघते लवकर, थांबत नाही लवकर. ताशी ४० ऐवजी ६० ने गेलात तर ब्रेक लागल्यावर थांबायला सव्वादोनपट अंतर लागतं, नॉब कुठेही असो.

मावसभावाने नॉब २एचवर आणला तरी ४एचचा दिवा लुकलुकतच राहिला. साठलेला पीळ दाते सुटू देत नव्हता. त्याला म्हटलं, मागे कुणी नाही ना बघ आणि सरळ रिव्हर्स घे. पंधरा-वीस फुटांवर खालून 'खट्' असा आवाज आला आणि दिवा विझला.

"बेअरिंग नव्हतंच का मग?" तो म्हणाला.