मुलाचे स्टेम सेल प्रत्यारोपण: सोलापूरच्या पालकांनी सरकारी मदतीसाठी अर्ज कसा करावा

बाळाला बसवले की कमरेच्या वर मणक्यावर उंचवटा दिसतो, श्वास घरघरतो, बुबुळ धुरकट वाटते, हर्नियाचे ऑपरेशनही होऊन गेलेले असते. अशा वेळी डॉक्टरांनी ‘हर्लर’चा, म्हणजे शरीरात एक एन्झाइम न बनल्याने होणाऱ्या जन्मजात आजाराचा, संशय घेतला असेल, तर कागदपत्रांच्या आधी बाळाचे वय मोजा. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, 2021 मध्ये तीव्र एमपीएस-1 (म्युकोपॉलीसॅकरिडोसिस, प्रकार 1), म्हणजे हर्लर, प्रत्यारोपणासाठी धरला आहे, पण वयाच्या पहिल्या दोन वर्षांत. अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी हा मेंदूवर परिणाम करणारा आनुवंशिक आजारही या यादीत आहे, मात्र चालणे, दिसणे, बोलणे बिघडण्याआधीच. मेंदूचे झालेले नुकसान नव्या पेशी भरून काढत नाहीत, म्हणून ही अट आहे. सॅनफिलिपो या एमपीएसच्याच दुसऱ्या प्रकारात प्रत्यारोपणाचा खात्रीचा उपयोग दिसलेला नाही. त्यामुळे नुसते ‘एमपीएस’ लिहिलेला कागद पुरत नाही, प्रकार लिहून घ्या.

लघवीतील जीएजी (या आजारात शरीरात साचणारे द्रव्य) तपासणीने फक्त संशय बळावतो. खात्री होते ती रक्तातल्या अल्फा-एल-इड्युरोनिडेज एन्झाइमच्या आणि आयडीयूए जनुकाच्या तपासणीने. स्टेम सेल देणारा दाता शोधताना सख्ख्या भावंडाचे एचएलए (दात्याशी जुळणी ठरवणारे पेशींवरचे घटक) पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येकी 25 टक्के असते. भावंड जुळले तरी त्याचे एन्झाइम तपासावेच लागते, कारण ते वाहक असेल, म्हणजे स्वतः आजारी नसून सदोष जनुकाची एक प्रत बाळगत असेल, तर बाळाला एन्झाइम कमी मिळते.

सुरुवात सिव्हिलच्या बालरोग विभागातून करा आणि संदर्भचिठ्ठी घ्या. केंद्र सरकारची मदत फक्त ‘सेंटर ऑफ एक्सलन्स’, म्हणजे दुर्मीळ आजारांसाठी नेमलेल्या रुग्णालयामार्फत मिळते. महाराष्ट्रात असे केंद्र परळचे केईएम रुग्णालय आहे. रात्रीच्या सिद्धेश्वरने दादरला उतरले की ते जवळच पडते. तिथली समिती मूल तपासून पात्रता ठरवते. मे 2022 पासून मदतीची मर्यादा 50 लाख रुपये आहे. पैसे या नेमलेल्या रुग्णालयाला मिळतात, पालकांच्या खात्यात येत नाहीत. प्रत्यारोपण नेमके कोणत्या रुग्णालयात होणार, हे पहिल्याच भेटीत विचारा.

सोबत बाळाचा जन्मदाखला, बाळाचे व आईवडिलांचे आधार, रेशनकार्ड, सर्व मूळ रिपोर्ट आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स ठेवा. अडते ते बहुधा नावात. जन्मदाखल्यावर बाळाचे नावच नसते, किंवा आईचे नाव एका कागदावर माहेरचे असते आणि दुसऱ्यावर सासरचे. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत ही दुरुस्ती आजच सुरू करा, पण तिच्यासाठी केईएमची तारीख पुढे ढकलू नका.

राज्याच्या मुख्यमंत्री सहायता निधीच्या यादीत बोनमॅरो (स्टेम सेल) प्रत्यारोपण आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला (वार्षिक 1 लाख 60 हजारांपर्यंत), खर्चाचे अंदाजपत्रक आणि लहान मुलासाठी आईचे आधार लागते. खासगी रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही हवी. रुग्णालय या निधीकडे नोंदलेले आहे का, ते आधी पाहा. दाखल्याचा अर्ज सेतूत देता येतो. कोल इंडियाची बाल सेवा योजना मात्र थॅलेसेमिया व अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमिया या रक्ताच्या आजारांसाठी आहे. हर्लरसाठी तिथे अर्ज करून दिवस घालवू नका.

प्रत्यारोपणानंतर सुमारे 100 दिवस रुग्णालयाजवळ राहावे लागते, कारण ताप आला तर तासाभरात पोहोचायला हवे. या खोलीभाड्याचा आणि एका पालकाच्या बुडणाऱ्या रोजगाराचा हिशेब आधीच मांडा. हाडांच्या तक्रारी पुढेही उरतात. त्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञांकडे नियमित दाखवावे लागते.