झडप बदलली, पुढचं काय? हृदयरुग्णांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना

माझ्या मावशीच्या हृदयाची झडप राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून बदलली. ऑपरेशनला पैसे लागले नाहीत. पण घरी आल्यावर रक्त पातळ ठेवायची गोळी आणि आयएनआरची (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी) तपासणी खिशातून सुरू झाली. पाठपुराव्याचं, म्हणजे ऑपरेशननंतरच्या तपासण्या-औषधांचं, कोणी सांगितलं नाही आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. धातूची कृत्रिम झडप असेल तर ही गोळी आयुष्यभराची असते, म्हणून हे आधीच माहीत हवं.

१ जुलै २०२४ पासून पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डांबरोबर पांढऱ्या कार्डवाल्यांनाही ही योजना लागू आहे. संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचं. ७० आणि त्याहून जास्त वयाच्यांसाठी केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं.

कागद थोडेच लागतात: रेशनकार्ड, आधार किंवा फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र, डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट. घोळ होतो तो नावांचा. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव रेशनकार्डावर चढलेलं नसतं, किंवा आधारवर एक स्पेलिंग आणि कार्डावर दुसरं. ऑपरेशनची तारीख जवळ आल्यावर तहसीलच्या चकरा मारायची वेळ येऊ देऊ नका, आजच तपासा.

अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राचं टेबल गाठा. हा योजनेचा तिथला मदतनीस, तो नोंदणी करतो. मग डॉक्टर तपासतात आणि रुग्णालय पूर्वमंजुरीसाठी ऑनलाइन अर्ज पाठवतं. अँजिओप्लास्टी (हृदयाची बंद रक्तवाहिनी उघडणं) असेल तर अँजिओग्राफीची (रक्तवाहिन्यांच्या तपासणीची) सीडी, झडपेचा आजार असेल तर टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) जोडावा लागतो. सीडी घरी राहिली म्हणून मंजुरी अडकते, तेव्हा सगळं एकाच फाइलमध्ये ठेवा. हार्ट अटॅकसारखी तातडी असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू होतात, कागद मागाहून देता येतात.

योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरून नंतर परतावा मागायची सोय त्यात नाही. योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी कोणी डिपॉझिट मागितलं तर भरण्याआधी १५५३८८ वर फोन करा.

डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं योजनेतच येतात. काही शस्त्रक्रियांसाठी त्यापुढच्या पाठपुराव्याचं स्वतंत्र पॅकेज असतं. तुमच्या शस्त्रक्रियेला ते आहे का आणि कधी यायचं, हे घरी निघण्याआधी आरोग्यमित्राला विचारून डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

पॅकेज नसेल किंवा संपलं असेल तर जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयाची ओपीडी धरा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं मात्र वेगळ्या विभागाकडे असल्याने त्या निर्णयात येत नाहीत. लिहून दिलेलं एखादं औषध तिथे मिळालं नाही तर त्याचं मूळ (जेनेरिक) नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि स्वस्त जेनेरिक औषधांच्या जनऔषधी केंद्रात विचारा. स्टेंटनंतरच्या (रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीनंतरच्या) किंवा झडपेच्या गोळ्या पैशांअभावी स्वतःहून बंद करू नका. अडचण त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.