फादरला पैसे दिले की पाप माफ?

‘तुमचं बरं आहे, फादरला पैसे दिले की पाप माफ!’ हा टोमणा वसईतल्या बहुतेक कॅथलिकांनी कधी ना कधी ऐकलेला असतो. यात दोन गोष्टींची खिचडी झाली आहे. युरोपात एके काळी दंडमाफीची पत्रे, म्हणजे पापाबद्दल भोगायची शिक्षा माफ झाल्याची पत्रे, विकली जात. १५१७ साली जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने आवाज उठवला तो त्याविरुद्ध. पैशांशी जोडलेल्या अशा सवलती पोप पाचवे पायस यांनी १५६७ मध्ये रद्द केल्या. पण ती पत्रे म्हणजे कन्फेशन, फादरजवळ दिलेली पापांची कबुली, नव्हते. ती कबुली तेव्हाही वेगळी द्यावी लागे.

कन्फेशनला फी नाही. फादर जाळीपलीकडे बसतात; आपण अलीकडे गुडघे टेकायचे, मागचे कन्फेशन कधी केले ते सांगायचे, मग चुका. त्याही गोलमोल नव्हे, नेमक्या. (रांगेत मनाशी घोकलेले ऐन वेळी विसरते, ते वेगळेच.) फादर दोन शब्द समजुतीचे सांगतात, प्रायश्चित्त म्हणून एखादी प्रार्थना किंवा सत्कर्म देतात. चोरी केली असेल तर नुसती प्रार्थना पुरत नाही, वस्तू परत करावी लागते. आणि पश्चात्तापच नसेल तर माफी नाही.

‘फादर ते चारचौघांत सांगतात’ हेही खोटे. जाणूनबुजून गुपित फोडणारा धर्मगुरू आपोआप चर्चबहिष्कृत ठरतो. पोलिसांनी विचारले तरी चर्चचा कायदा त्याला तोंड उघडू देत नाही. प्रोटेस्टंट चर्चमध्ये मात्र बहुधा असा एकांतातला कबुलीजबाब नसतोच. तिथे उपासनेत सगळे मिळून पापांगीकार म्हणतात.