उन्हाळ्यापूर्वीची वस्तीसफाई, नागपूर

माघ सरल्यापासून गुढीपाडव्यापर्यंत नागपुरातल्या गल्ल्या, चाळी आणि ले-आऊटांमध्ये घर, गच्ची, अंगण व सामायिक जागा आवरण्याचा आणि त्यातून निघालेल्या टाकाऊ वस्तूंची विल्हेवाट लावण्याचा प्रघात. त्याला ठरलेले नाव नाही. ‘कूलर काढायचे आहेत’ एवढ्यावर बोलण्यात भागते. दिवाळीची साफसफाई मुख्यतः घरातल्या घरात होते, फाल्गुनातली उंबऱ्याबाहेर पडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या या शहरात बाहेरची कामे मार्चमध्येच उरकावी लागतात. कुरड्या-सरगुंड्यांच्या वाळवणासाठी गच्ची धुऊन हवी असते, टाकी खरवडून हवी असते. याच सुमारास कडुनिंब आणि पिंपळ पाने गाळतात आणि मृग बहाराची संत्री बाजारात असल्याने घरोघरी सालींचे ढीग निघतात.

कूलर हा या सफाईचा मुख्य मानकरी. गेल्या वर्षीचे गवत, म्हणजे लाकडाची केसासारखी बारीक कात्रणे, पाण्यातल्या क्षारांनी पांढरे पडून कडक झालेले असते. जाळी सोडवून ते झटकले की अंगणभर धूळ उडते. हे गवत लाकूडच असल्याने त्यावरची प्लास्टिकची जाळी काढून ते झाडांच्या आळ्यात पसरता येते. नव्या कूलरमधल्या मधाच्या पोळ्यासारख्या पॅडची गोष्ट वेगळी. त्या कागदाला राळेचा लेप असतो, म्हणून ते खतात घालू नये. टाकी नुसती ओतून देणे पुरेसे नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या पातळीलगत, टाकीच्या भिंतीवर अंडी घालतो. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी भरले की फुटतात. म्हणून कडा ब्रशने घासाव्या लागतात. मोसमातही आठवड्यातून एकदा कूलर कोरडा करण्याचा सल्ला याचसाठी दिला जातो, कारण अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

निघालेल्या सामानाला पहिला वाली कबाडी. रद्दी, लोखंड, पत्रा, जाड प्लास्टिक तो तोलून नेतो. सोफ्याचे स्पंज, थर्माकोल, फुटकी काच आणि सनमायका लावलेले फळीवजा लाकूड त्याला नको असते. जुना काचेच्या नळीचा टीव्ही तो घेतो, पण बहुधा मानेपाशी गुंडाळलेल्या तांब्यासाठी. शिसेयुक्त काच पुढे कुठेतरी नाल्याकाठी पडते. म्हणून असा टीव्ही, मोबाइल, चार्जर नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे देणेच योग्य. ई-कचऱ्याचे नियम पहिल्यांदा २०११ मध्ये झाले, पुढे २०१६ आणि २०२२ मध्ये नवे आले. वस्तू बनवणाऱ्यावर तिच्या अखेरीचीही जबाबदारी टाकणे हा त्या सगळ्यांचा गाभा आहे.

गादीचे दुखणे मात्र नवे आहे. कापसाच्या या मुलखात जुनी गादी पिंजाऱ्याकडे जाई, कापूस पिंजून नव्या खोळीत परत येई. फोमची गादी पिंजता येत नाही, कबाडी नेत नाही आणि कचरागाडीत मावत नाही.

होळी हा विल्हेवाटीचा जुना मार्ग. शेणाच्या चाकोल्या, वाळकी लाकडे, झाडलोटीत निघालेला पालापाचोळा तिच्यात जाणे स्वाभाविक होते. आता तिच्यात रंगवलेली दारे, प्लायवुड, प्रसंगी टायरही जातात आणि धूर विषारी होतो. पाने रोज सकाळी कोपऱ्यात पेटवून देण्याची सवय तर होळीची वाटही पाहत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. वास्तविक ही पाने टाकाऊ नाहीतच. ओल्या कचऱ्याच्या खताला वास येतो तो बहुतेकदा सुका पाला कमी पडल्याने. संत्र्याची सालही तेलामुळे सावकाश कुजते. तुकडे करून भरपूर पानांत मिसळली तर त्रास देत नाही.

त्याच नियमांनी ओला आणि सुका यांखेरीज घरगुती घातक कचरा असा तिसरा वर्ग सांगितला: रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, मुदत संपलेली औषधे, सुया, बॅटऱ्या, ट्यूबलाइट. प्रत्यक्षात घरोघरी हाच वर्ग सगळ्यात कमी पाळला जातो. सीएफएल दिव्यात काही मिलिग्रॅम पारा असतो. तो फुटल्यास खिडक्या उघडून, केरसुणी न लावता, जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करावेत. केरसुणीने पारा खोलीभर होतो.

या परंपरेमागे विदर्भाची पुण्याई आहे. हातात खराटा घेऊन गाव झाडणारे गाडगे महाराज (१८७६–१९५६) इथलेच. ग्रामसफाईला सामुदायिक प्रार्थनेच्या जोडीने बसवणारे तुकडोजी महाराजही इथलेच. देशातली पर्यावरण अभियांत्रिकीची अग्रगण्य संस्था ‘नीरी’ १९५८ पासून याच शहरात आहे. पण नागपूरकरांचा स्वभाव कळायला पोळ्याच्या पाडव्याची मारबत पाहावी. इडा-पिडा, रोगराई पुतळ्यासोबत वस्तीबाहेर नेऊन जाळायची, की काम झाले. कचऱ्याबाबतही अनेकांची समजूत तीच असते: हद्दीपार गेला म्हणजे संपला. शहराची ही हद्द म्हणजे पूर्वेचे भांडेवाडी. दहाही झोनमधला कचरा तिथे नेण्याची वहिवाट पडली, आणि शहर वाढत जाऊन तिथल्या डेपोलाच वस्त्यांनी वेढले. उन्हाळ्यात ढिगातल्या वायूमुळे लागणाऱ्या आगींचा धूर त्या वस्त्यांत जातो. जुना ढीग उकरून, चाळून वेगळा करण्याचे, म्हणजे बायोमायनिंगचे काम तिथे हाती घेतले गेले. मिसळून आलेल्या कचऱ्याची किंमत तिथे कळते: पोळीच्या तुकड्यांत मुरलेले प्लास्टिक ना खत होते, ना विकले जाते.

सफाईचा दिवस आधी ठरवून झोन कार्यालयाला कळवणाऱ्या ले-आऊटांचे काम त्यातल्या त्यात सुरळीत होते. मलबा वेगळा, झाडांच्या फांद्या वेगळ्या, फर्निचर वेगळे असे ढीग घातले तर एकाच गाडीत सगळे कोंबावे लागत नाही. उघड्यावर कचरा टाकणाऱ्यांना महापालिकेचे उपद्रव शोध पथक दंड करते. तरीही रात्रीतून रिकाम्या प्लॉटवर किंवा पुलाच्या कठड्यावरून खाली जे जायचे ते जातेच. दर उन्हाळ्यात नाग, पिवळी आणि पोरा या नद्यांच्या पात्रांत पोकलेन उतरवून गाळ काढला जातो. गाळासोबत त्या गाद्याही वर येतात.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे ढगफुटीसारखा पाऊस होऊन अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. ऐन गणपतीत फाल्गुनातली आवराआवर करावी लागली: भिजलेल्या गाद्या, फुगलेले प्लायवुड, चिखलाने भरलेले फ्रीज आणि कूलर, सगळे एकाच वेळी रस्त्यावर.